फोटोत नसलेला सहावा

आज एका गटाची गोष्ट सांगणार आहोत. हा गट बचतीचा नाही, गाण्याचा आहे. आपल्याकडे बँड म्हटलं की लग्नाची वरात आठवते. पण पाच-सहा जणांनी एकत्र येऊन गायचं-वाजवायचं, त्यालाही बँडच म्हणतात. हा बँड लंडनचा, नाव रोलिंग स्टोन्स.

त्यांना वेड होतं ब्लूज नावाच्या गाण्याचं. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना गुलाम करून कापसाच्या शेतात राबवलं. पुढे कायद्यानं गुलामी संपली, पण हाल आणि अपमान संपले नाहीत. त्या कष्टकऱ्यांच्या गळ्यातून ब्लूज आलं. आपल्या आज्या जात्याशी बसून मन मोकळं करायच्या, तसंच काहीसं समजा.

ऑक्टोबर १९६१ मध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड रेल्वे स्टेशनवर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स भेटले. दोघे लहानपणी एकाच शाळेत होते. मिकच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्स या काळ्या गायकांच्या तबकड्या होत्या. त्यावरून बोलणं निघालं आणि मैत्री जुळली.

तिकडे ब्रायन जोन्स नावाच्या तरुणानं मे १९६२ मध्ये संगीताच्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली, की बँड काढायचा आहे, वाजवणारे हवेत. सगळ्यात आधी आला इयन स्ट्युअर्ट. दिवसा कारकुनी करायचा आणि पियानो झकास वाजवायचा. मागून मिक आणि कीथ आले. मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून बँडचं नाव ठरलं आणि १२ जुलै १९६२ ला लंडनच्या मार्की क्लबमध्ये पहिला कार्यक्रम झाला.

हातात पैसा नव्हता. मिक, कीथ आणि ब्रायन एका पडक्या-झडक्या बिऱ्हाडात राहत, आणि त्या वर्षी थंडी तर कडाक्याची पडली. डिसेंबरात बिल वायमन आला. त्याच्याकडे आवाज मोठा करायचं चांगलं यंत्र होतं, तेही बाकीच्यांना हवंच होतं. आपल्याही गटात कुणाकडे शिलाई मशीन असतं, कुणाच्या घरी मोकळी पडवी असते, आणि त्यावरच धंदा उभा राहतो. जानेवारी १९६३ मध्ये ड्रम वाजवणारा चार्ली वॉट्स आला. आता सहा जण झाले.

त्याच वर्षी बँडला नवा व्यवस्थापक मिळाला. तो म्हणाला, सहा चेहरे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, आणि इयन दिसायला या पोरांत शोभत नाही. म्हणून जो सगळ्यात आधी आला होता, त्यालाच बाहेर काढलं. बाकीच्या पाचांनी ते चालू दिलं.

इयन मात्र सोडून गेला नाही. त्यानं गाडी चालवली, सामान वाहिलं, वाद्यं मांडली. १९६४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पहिला अल्बम, म्हणजे गाण्यांची पहिली मोठी तबकडी, तयार झाली, तेव्हाही तो पियानोवर होता. ती जागा म्हणजे लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरची एक लहानशी खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेले होते, आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्रही साधंच.

तबकडीवर बारा गाणी होती. त्यातली बहुतेक जिमी रीड, विली डिक्सन अशा अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांची. मिक आणि कीथनं मिळून रचलेलं गाणं एकच. जे सगळ्यांनी मिळून रचलं, त्याला त्यांनी एक बनावट नाव दिलं, म्हणजे श्रेय एकट्याचं होऊ नये. हे आम्हाला फार आवडलं.

एप्रिलमध्ये तबकडी बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. वरच्या बाजूला बँडचं नावसुद्धा छापलं नव्हतं, नुसता फोटो होता. त्या फोटोत पाच जण आहेत. इयन नाही.

इयन १९८५ मध्ये वारला. १९८९ मध्ये अमेरिकेत बँडचा मोठा सन्मान झाला, तेव्हा त्याचंही नाव बँडमध्ये घेतलं. पण ते ऐकायला तो नव्हता.

मैत्रिणींनो, ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला आमचंच पापडाचं पाकीट आठवलं. त्यावर चौघींचा फोटो आहे, चांगल्या साड्या नेसून काढलेला. पहाटे उठून पीठ मळणारी आमची एक ताई त्यात नाही. "मला कुठं फोटोत नीट उभं राहता येतं," म्हणाली, आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही. नफ्याची वाटणी करतानाही मळणीचा वेळ आम्ही कधी वहीत धरला नव्हता.

आता मागच्या बैठकीत ठराव केला आहे. कोण किती तास राबली ते रोज वहीत लिहायचं, वाटणी त्यावरून करायची, आणि नवीन पाकीट छापताना फोटो पाचही जणींचा घ्यायचा. तुमच्याही गटाची वही या महिन्यात एकदा उघडून बघा. कुणाचं काम त्यात लिहिलेलंच नाही, ते शोधा. आणि ती बाई समोर बसलेली असतानाच तिचं नाव मोठ्यानं वाचा.