वॉटसन हॉटेलातली एक चपराक



आम्हां मोहाडीकरांना मुंबई गाठायची तर आधी वरठीला यावं लागतं. तिथल्या भंडारा रोड स्टेशनावर दुपारी विदर्भ एक्सप्रेस धरायची, की दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीबंदर. मागे एकदा मी असाच गेलो तो एक हॉटेल बघायला. बघायलाच, राहायला नव्हे, कारण तिथे आता कोणालाच राहता येत नाही.

काळा घोडा भागातली ती इमारत म्हणजे एके काळचं वॉटसन हॉटेल. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. ओतीव लोखंडाचा तिचा सगळा सांगाडा विलायतेत घडवला, सुटे भाग जहाजानं मुंबईला आणले आणि इथे एकमेकांत बसवून उभे केले. 1860 च्या दशकाच्या अखेरीस हे काम झालं आणि 1871 मध्ये हॉटेल सुरू झालं. लुमिएर बंधूंची हलती चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा दाखवली गेली तीही इथेच, 7 जुलै 1896 रोजी. बहुतेक लोक या वास्तूचं नाव घेतात ते त्यासाठी. मला मात्र तिथं नेलं त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या एका मुक्कामानं.

तो मुक्काम अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांचा. ते तेव्हा साठ वर्षांचे होते. प्रकाशनाच्या धंद्यात त्यांचं दिवाळं निघालं होतं. कर्जाची पै न पै फेडायची, म्हणून ते व्याख्यानं देत जगभर फिरत होते. बरोबर पत्नी आणि मुलगी क्लारा. मुंबईत ते वॉटसनमध्ये उतरले. पुढच्याच वर्षी या प्रवासाचं त्यांचं पुस्तक निघालं, त्यात हा मुक्काम आहे. सज्ज्याच्या कठड्यावर येऊन बसणारे आणि पाहुण्याच्या कपड्यांची, रंगाची आपसांत चर्चा करणारे कावळे त्यात आहेत. सामान खोलीत पोचवायला निघालेली नोकरांची ती लांबलचक रांगही आहे. एकेकाच्या हातात एकेक वस्तू, आणि सगळ्यात शेवटच्याकडे नुसता पंखा! वाचताना हसू येतं.

मग एकदम हसू थांबतं. खोलीचं सज्ज्याकडे उघडणारं दार नीट करायचं होतं. एक नोकर गुडघे टेकून कामाला लागला. पाहुण्यांबरोबर वर आलेल्या एका धिप्पाड जर्मन माणसाला ते काम पसंत पडलं नाही. काय चुकलं ते सांगण्याआधीच त्यानं त्या नोकराच्या थोबाडीत दिली, आणि चूक मग सांगितली. नोकर काही बोलला नाही. चेहऱ्यावर रागही दिसू दिला नाही.

पाहुणे तेवढ्यावर ते विसरून गेले असते तर त्यात नवल नव्हतं. रोज शेकडो चपराका बसत होत्या. पण ट्वेन यांना पन्नास वर्षांमागचं मिझुरी आठवलं, जिथे ते लहानाचे मोठे झाले. गुलामाला काम समजावून सांगण्याची तिथली रीत हीच होती. स्वतःच्या मुलांवर सहसा हात न उचलणारे आपले वडील घरच्या गुलाम पोराला मात्र मारत, हे त्यांनी लिहून टाकलं. दहा वर्षांचे असताना पाहिलेला एक प्रसंगही लिहिला. काम जरा वेडंवाकडं झालं म्हणून एका माणसानं आपल्या गुलामाला लोहखनिजाचा दगड फेकून मारला, आणि तो तासाभरात गेला. मुंबईतल्या एका खोलीत उभ्या असलेल्या लेखकानं स्वतःच्या बापाला आणि स्वतःच्या गावाला साक्षीला बोलावलं. मोठं हॉटेल, मोठा पाहुणा, हे सगळं ठीकच. पण या वास्तूची थोरवी मला या पानात दिसते. त्या नोकराचं नाव मात्र त्या पानात नाही.

पुढे ते हॉटेल बंद पडलं. खोल्यांत लाकडी आडोसे उभे राहिले, वकिलांची आणि दुकानदारांची बिऱ्हाडं थाटली गेली. 2005 मध्ये सज्ज्यांचा काही भाग कोसळून एक जीव गेला. 2019 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानं उरलेल्या भाडेकरूंनाही बाहेर पडावं लागलं. ही इमारत पाडू नये, सावरावी, असं मला मनापासून वाटतं. आणि सावरली तर तिथे लुमिएरांची पाटी लागेलच; तिच्याशेजारी दार नीट करणाऱ्या त्या माणसाचीही पाटी हवी.

फुटपाथवर उभा राहून मी वरचे सज्जे बघत होतो. गंजलेले खांब, त्यांच्या माथ्यावर अजून टिकलेली नक्षी. यातलं ते दार कोणतं असेल?

माझा आजा इंग्रजांच्या अमदानीत एका डाकबंगल्यावर खानसामा होता. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नसे. लहानपणी पोहताना कानात पाणी गेलं, असं तो सांगायचा. तो गेल्यावर आजीनं खरं सांगितलं. चहा निवलेला होता म्हणून एका साहेबानं कानशिलात भडकावली होती. ते बघणारं, लिहून ठेवणारं तिथे कोणी नव्हतं.

मी आजीला विचारलं होतं, मग आजानं काय केलं?

ती म्हणाली, “का करन? दुसरा चहा मांडला.”