मुलाखतीतलं फुकटचं काम

शुक्रवारी संध्याकाळी मेल येतो, ‘अभिनंदन! पुढच्या फेरीसाठी तुमची निवड झाली आहे. सोबत एक छोटीशी असाइनमेंट. सोमवारी सकाळपर्यंत पाठवा.’ फाईल उघडावी, तर आत कंपनीच्याच, बाजारात असलेल्या मालाची महिनाभराची जाहिरात मागितलेली. तीस पोस्ट, मजकूर आणि डिझाइनसकट! शनिवार-रविवार त्यात जातो. काम पाठवलं की पुढे ना फोन, ना नकाराची ओळ.

कल्याण-डोंबिवलीत हा अनुभव आता घरोघरी ऐकू येतो. आईवडिलांना तर वाटतं, पोरगं नोकरीलाच लागलं, इतकं ते राबत असतं.

कामाची परीक्षा घेऊच नये, असं नाही. आयटीआयमधून बाहेर पडलेला टर्नर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात गेला, की त्याचीही ट्रेड टेस्ट होते. हातात ड्रॉइंग आणि रॉडचा तुकडा देतात. तो लेथवर माप काढतो, आटे पाडतो. फोरमन व्हर्निअर लावून बघतो. निकाल तिथल्या तिथे. तो तुकडा भंगारात जातो, गिऱ्हाइकाकडे नाही. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. जे काम कंपनी उद्या वापरू शकते, ती परीक्षा नव्हे, ती मजुरी आहे. आणि मजुरीचे पैसे द्यायचे असतात.

बऱ्याच उमेदवारांना माहीत नसतं, पण 1957चा कॉपीराइट कायदा इथे त्यांच्या बाजूने आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो, असं कलम 17 सांगतं. उमेदवार अजून नोकरीत कुठे आहे? म्हणजे त्याने लिहिलेला मजकूर, काढलेलं डिझाइन, कोड, हे त्याचंच. हक्क दुसऱ्याला द्यायचा, तर कलम 19प्रमाणे लेखी करार आणि त्यावर त्याची सही लागते. नुसती फाईल मेल केली म्हणून तो जात नाही. मात्र नुसत्या कल्पनेला हा कायदा संरक्षण देत नाही. तुमची युक्ती उचलून कोणी वेगळ्या शब्दांत मांडली, तर हात चोळत बसावं लागतं. आणि खरं सांगायचं, तर नोकरी शोधणारा माणूस कोर्टाची पायरी चढतो कशाला?

म्हणून आधीच विचारावं, ‘हे काम तुम्ही वापरणार आहात का?’ तेही मेलवरच, म्हणजे उत्तर लेखी राहतं. कामावर नाव, तारीख घालावी. फॉर्मवर सही मागितली, तर बारीक अक्षरांतला मजकूर वाचल्याशिवाय करू नये.

आणि मुलाखती घेणाऱ्यांनो, तुमच्यापैकीही कितीतरी जण ठाण्या-डोंबिवलीतच राहतात. एखाद्या जुन्या, संपलेल्या प्रकल्पावरचा प्रश्न द्या, दोन तासांत सुटेल असा. त्याहून मोठं काम हवं असेल, तर त्याचे पैसे द्या. आणि नकार असला तरी तो कळवा.