मांजराची झोप आणि मांजराची ग्लानी

घरातल्या प्राण्यांत झोपेची कला मांजराइतकी कोणाला साधली असेल असे वाटत नाही. इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांच्या चळतीवर, उन्हाचा कवडसा पडलेल्या पायरीवर, नाहीतर यजमानांच्या आरामखुर्चीत, जेथे मऊ आणि ऊबदार जागा सापडेल तेथे ते अंगाचे वेटोळे करते आणि क्षणार्धात निजते. आपण हे कौतुकाने पाहतो. क्वचित थोड्या हेव्यानेही पाहतो. परंतु एखाद्या दिवशी हाक मारली तरी कान हलत नाही, उचलले तर मान लुळी पडते, पंजे थरथरताना दिसतात, आणि घरातील मुले घाबरून विचारतात, "मनी अशी का हो निजली आहे?" वडील मंडळी सांगतात, "निजू द्या रे तिला, मांजरच ते!" हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते. ज्या थोड्या वेळा ते चुकते, त्या वेळी मात्र मांजराच्या जिवावर बेतते. या दोन प्रसंगांतील भेद घरच्या घरी कसा ओळखावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, फार झोपणे हा मांजराचा दोष नसून स्वभाव आहे. निरोगी प्रौढ मांजर दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारणतः बारा ते सोळा तास झोपेत घालवते. गाय किंवा घोडा यांची झोप याच्या मानाने फारच थोडी असते, कारण गवतावर पोट भरायचे तर बराच काळ चरावे लागते. मांजर हा मांसाहारी शिकारी प्राणी. त्याचे अन्न सकस असते, परंतु ते मिळवण्यासाठी दबा धरणे, झेप घेणे, अंगातील सारी शक्ती एका क्षणी पणाला लावणे असा खटाटोप करावा लागतो. उरलेल्या वेळी शक्ती राखून ठेवावी हेच शहाणपणाचे. पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या शिकारीच्या वेळा. म्हणून आपली कामाची दुपार ती त्याची झोपेची दुपार ठरते. आपण वाडग्यात दूधभात घालू लागलो तरी हजारो वर्षांचा हा देहधर्म पालटलेला नाही.

ही सारी झोप एकाच जातीची नसते. पुष्कळशी झोप हलकी असते. डोळे मिटलेले, पण कान जागे. स्वयंपाकघरात ताटली वाजली की कान तिकडे वळतो. त्यानंतर गाढ निद्रा येते, आणि तिच्यामध्ये मधूनमधून एक विलक्षण अवस्था येते. या अवस्थेचा शोध लावण्यात मांजराचाच मोठा वाटा आहे. १९५८ साली विल्यम डिमेंट यांनी निजलेल्या मांजराच्या मेंदूत जागेपणासारख्या विद्युत्‌लहरी नोंदवल्या. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, फ्रान्समधील लिआँ येथे मिशेल जुव्हे आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, या वेळी मांजराचा मेंदू जागेपणाइतका गजबजलेला असतो, पण शरीराचे स्नायू, विशेषतः मानेचे, अगदी ढिले पडलेले असतात. या विसंगतीमुळे जुव्हे यांनी तिला 'विरोधाभासी निद्रा' असे नाव दिले. मेंदूच्या तळाशी असलेली, स्नायूंना ढिले ठेवणारी यंत्रणा निकामी केली असता, मांजर झोपेतच उठते आणि समोर नसलेल्या सावजावर झेपावते, हेही त्यांनी पुढे दाखवून दिले.

आपल्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष उपयोगाचा आहे. या अवस्थेत मिशा थरथरतात, पंजे आकसतात, मिटल्या पापण्यांखाली बुबुळे फिरतात, श्वास अनियमित होतो, क्वचित तोंडातून बारीक आवाजही येतो. अंग मात्र ओल्या फडक्यासारखे लुळे असते आणि जागे होण्यासही वेळ लागतो. ज्या लक्षणांनी आपण घाबरतो, ती बहुधा याच निद्रेची असतात. सहा-सात मिनिटांत हा प्रकार आपोआप ओसरतो. हाक मारताच मांजर जागे झाले, त्याने जांभई दिली, पाठीची कमान करून आळस झाडला आणि ते आपल्या वाटेने चालू लागले, तर काळजीचे मुळीच कारण नाही.

वयाप्रमाणेही झोपेत फरक पडतो. नुकतीच जन्मलेली पिले दूध पिण्याखेरीज जवळजवळ सारा वेळ निजलेली असतात. म्हाताऱ्या मांजराची झोप वाढलेली दिसते, आणि पुष्कळदा त्याचे खरे कारण ऐकू कमी येणे हे असते. जन्मतः बहिरी मांजरेही असतात. पांढरा रंग, निळे डोळे आणि बहिरेपणा यांचा संबंध डार्विननेही आपल्या ग्रंथात नमूद केला होता. अर्थात प्रत्येक पांढरे मांजर बहिरे असते असे नव्हे. अशा मांजराला मोठ्याने हाका मारण्यात अर्थ नाही. त्याच्याजवळ जमिनीवर हलकेच थाप मारावी, किंवा नाकाशी माशाचा तुकडा धरावा. हादऱ्याने अथवा वासाने ते जागे झाले, तर दोष कानांचा आहे, झोपेचा नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या भाषेत झोप, सुस्ती, गुंगी, ग्लानी, मूर्च्छा असे निरनिराळे शब्द आहेत. आपल्या आजारी माणसाविषयी बोलताना आपण ते नेमके वापरतो. "ताप उतरला, आता शांत झोप लागली आहे," आणि "सकाळपासून ग्लानीत आहेत," या दोन वाक्यांतील अंतर कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र या साऱ्या अवस्थांना आपण 'झोप' हे एकच नाव देतो, आणि घोटाळा होतो तो येथेच.

झोपेची कसोटी दोन प्रश्नांत सामावलेली आहे. मांजर जागे होते काय? आणि जागे झाल्यावर ते पूर्वीसारखे असते काय? किती तास झोपले यापेक्षा या दोन प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची आहेत. ग्लानीतले मांजर हलवल्यावर डोळे किलकिले करते आणि पुन्हा मिटते; उभे केले तर झोकांड्या खाते; आवडत्या खाद्याकडे पाहतही नाही. याहून अवघड गोष्ट अशी की, मांजर आपले दुखणे लपवते. रानात ते लहान प्राण्यांचा शत्रू असले, तरी मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही असते, आणि दुबळेपणा दाखवणे म्हणजे मरण ओढवून घेणे. म्हणून आजारी मांजर कण्हत नाही. ते पलंगाखाली किंवा माळ्यावर जाऊन, पाय पोटाखाली घेऊन, पाठीला कुबड काढून डोळे मिटून बसते. आपल्याला वाटते ते निजले आहे. वस्तुतः ते निजलेले नसते, सोसत असते. अंग चाटणे सोडल्यामुळे केस विस्कटलेले दिसू लागले, तर ही शंका बळावते.

शंका आली की काय पाहावे? पहिला श्वास. मांजर निश्चल असताना त्याच्या बरगड्यांची हालचाल घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजावी. झोपेतील श्वास मिनिटाला तीसपेक्षा कमी असले पाहिजेत. पुनःपुन्हा मोजूनही ते तीसच्या वर जात असतील, तर हृदय अथवा फुप्फुसे तपासून घेणे अवश्य आहे. आणि मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल, तर एक क्षणही दवडू नये. दुसऱ्या हिरड्या. ओठ हलकेच वर करून पाहावे. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. पांढऱ्या फटक, पिवळ्या, निळसर किंवा तपकिरी हिरड्या ही धोक्याची सूचना होय. तिसरी गोष्ट अंगाची ऊब. मांजराचे स्वाभाविक तापमान सुमारे शंभर ते साडेएकशेदोन अंश फॅरनहाइट असते; म्हणून हाताला ते नेहमी गरमच लागते. कान आणि पंजे गार पडले असून मांजर उठतही नसेल, तर प्रसंग गंभीर समजावा.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ज्या मांजराला रेबीजची लस टोचलेली नाही, जे बाहेर हिंडते, आणि ज्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते किंवा स्वभाव एकाएकी पालटला आहे, त्याच्या तोंडाला हात लावू नये. ते चावल्यास अथवा त्याने ओरबाडल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि माणसाने त्याच दिवशी स्वतः डॉक्टरकडे जाऊन लस घ्यावी.

मांजराला ग्लानी आणणाऱ्या पुष्कळ गोष्टी आपल्या घरातच असतात. त्यांत सर्वांत घातक म्हणजे पॅरासिटामॉल. मांजर मलूल दिसते, अंग तापलेले वाटते, म्हणून घरातले कोणी दयाबुद्धीने अर्धी गोळी दुधात विरघळवून पाजते. माणसाचे यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकते, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ बंद असतो. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि मांजर निपचित पडते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी प्रौढ मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. यावर उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच लागू पडतो. यकृताच्या याच उणिवेमुळे लादी पुसण्याच्या फिनेलपासूनही मांजराला अपाय होतो. ओल्या लादीवरून चालून ते मागाहून पंजे चाटते. कपाटातील डांबरगोळ्या आणि उंदरांचे औषध यांची गणना याच वर्गात होते. कुत्र्याच्या गोचिडांवरील ज्या औषधांत परमेथ्रिन असते, ती मांजराला लावल्यास त्याला कंप सुटतो आणि झटके येतात.

कोकणपट्टीत, गोव्यात आणि बेळगावच्या रानालगतच्या गावांत आणखी एक भय असते, ते सर्पदंशाचे. नाग किंवा मण्यार चावल्यास स्नायू लुळे पडतात, आणि अंगणात आडवे पडलेले मांजर उन्हात निजले आहे असाच भास होतो. दंशाची खूण केसांत दिसत नाही. बाहेरून आलेले मांजर एकाएकी लुळे पडले, त्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि श्वास मंदावला, तर सर्पविषाची शंका घेऊन तडक पशुवैद्याकडे न्यावे. प्रतिविष जनावरांनाही देता येते.

वाट किती पाहावी, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. मांजर जागेच होत नसेल, झटके येत असतील, विषाची शंका असेल, किंवा मधुमेही मांजर इन्शुलिन दिल्यानंतर गळून गेले असेल, तर रात्र असो वा दिवस, थांबू नये. बोका पुनःपुन्हा लघवीला बसतो पण थेंबही होत नाही, आणि मग थकून पडतो, तोही असाच प्रसंग. लघवी तुंबून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो. लहान पिलू उलट्या-जुलाबांनंतर मलूल झाले असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. प्रौढ मांजराने पुरा एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तरी चालढकल करू नये. विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवाच रोग उद्भवतो. म्हातारे मांजर हळूहळू अधिक झोपू लागले असेल, पाणी फार पीत असेल, वजन उतरत असेल किंवा उडी मारण्यास कचरत असेल, तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह आणि सांधेदुखी ही वार्धक्याच्या नावाखाली खपून जातात, आणि वेळीच कळल्यास त्यांवर पुष्कळ इलाज करता येतो.

दवाखान्यात पोचेपर्यंत करावयाचे थोडेच असते. मांजराला सुती कापडात सैलसर गुंडाळून ऊबदार ठेवावे. शुद्ध हरपलेल्या मांजराच्या तोंडात पाणी, दूध अथवा औषध मुळीच ओतू नये. ते श्वासनळीत उतरते. पोटात काही गेले असल्याचा संशय असेल, तर त्याचे वेष्टन बरोबर न्यावे. झटके येऊन गेले असतील आणि कोणी मोबाइलवर त्याचे चित्रण केले असेल, तर तेही दाखवावे. शंभर शब्दांच्या वर्णनापेक्षा ते उपयोगी पडते.

शेवटी एक विनंती. आपले मांजर निरोगी असताना कोठे निजते, कशाच्या आवाजाने उठते, उठल्यावर प्रथम काय करते आणि झोपेत मिनिटाला किती श्वास घेते, हे एकदा निवांतपणे पाहून ठेवावे. श्वासाचा आकडा भिंतीवरील कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला तरी पुरे. मांजर दवाखान्यात आणणाऱ्या मंडळींना पशुवैद्य पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की एरवी हे कसे असते? त्याचे उत्तर ज्या घरात तयार असते, त्या घरचे मांजर वेळेवर दवाखान्यात पोचते.