काम नसताना बाहेर पडणं

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'रोजच्या जगण्यातले छोटे नवे अनुभव' हा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. मारहाण, पोटगी, रेशनकार्ड एवढं सगळं पडलेलं असताना हे काय मध्येच? खरं आहे. म्हणून मी उपदेश करत नाही, माझी एक चूक सांगते.

सोलापुरात विडी कामगार बायकांच्या वस्तीत आमचा गट आहे. या बायका घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं नि तंबाखू, आणि डोक्यात हजार विड्यांचं गणित. एका बैठकीत मी विचारलं, "गेल्या महिन्यात पहिल्यांदाच केलं असं काय केलंत?" कुणी बोलेना. शेवटी एक अक्का म्हणाल्या, "ताई, पहिल्यांदाचं सगळं लग्नात संपलं. आता रोजचंच."

२०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्यांमध्ये बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. बहुतेक पुरुष तर या कामाला हातच लावत नाहीत. त्यावर हजार विड्या. नवं काही करायला वेळ उरतो कुठं?

तरी मी उत्साहात गृहपाठ दिला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक नवी गोष्ट करून यायचं. एकजण विड्या देऊन येताना वेगळ्या रस्त्यानं घरी आली. एकीनं तव्यावरची पहिली भाकरी स्वतः खाल्ली. म्हणाली, "इतकी मऊ असते होय!" वीस वर्षं ती सगळ्यांचं झाल्यावर गारच खात होती.

आणि एकजण बैठकीला आलीच नाही. ती सिद्धेश्वर तलावाच्या काठावर अर्धा तास नुसती बसली होती. नवऱ्याच्या ओळखीच्या माणसानं पाहिलं. रात्री तिला मार बसला.

आम्ही तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "दवाखान्यात गेले होते म्हटलं असतं तर चाललं असतं. नुसती बसले, याला मी काय उत्तर देऊ?"

समाजकार्याची पदवी घेताना जोखमीचा अंदाज घ्यायला मी शिकले होते. पण 'तुला कोण बघेल? घरी काय होईल?' हे तिला विचारायचं मला सुचलं नाही. मला ती गंमत वाटली होती. तिच्या नवऱ्याला मात्र त्यातला धोका बरोबर कळला होता.

मी तिची माफी मागितली. तेव्हा ती म्हणाली, "पण ताई, बसले ते बरं वाटलं. मला परत बसायचंय."

मग गटानं विषय हातात घेतला. चार वयस्कर अक्का तिच्या दारात जाऊन बसल्या. पुन्हा हात उचललास तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तक्रार करू, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. गप्प बसला, एवढंच. त्यानंतर दर आठवड्याला चार-पाचजणी मिळून तलावावर जाऊ लागल्या.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या पावसाळ्यात अकराजणी नळदुर्गला निघाल्या. तुळजापूरला त्या अनेकदा गेल्या होत्या, पण नवस फेडायला. घरी विचारणा झाली, "नळदुर्गला देव कुठला?" देवासाठी नाही, किल्ल्यासाठी. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, ते बघायचं. बस्स. बुडणाऱ्या मजुरीसाठी दोन रात्री जागून त्यांनी जादा विड्या वळल्या. तिघींना घरून सोडलंच नाही, हेही सांगायला हवं.

बाईच्या बाहेर पडण्याला कारण लागतं. पाणी, रेशन, दवाखाना, देव. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल हेच मांडलं. विनाकारण रेंगाळणं हासुद्धा बाईचा हक्क आहे. आमच्या अक्कांनी ते पुस्तक वाचलेलं नाही, पण मुद्दा त्यांना पाठ आहे.

म्हणून कार्यकर्त्या मैत्रिणींना एवढंच सांगणं आहे. 'स्वतःसाठी वेळ काढा' असा सल्ला एकट्या बाईला देऊ नका. तेवढा वेळ तिचं काम कोण करणार, पैसे कुठून येणार, घरी काय होणार, हे आधी गटात बोला. आणि स्वतःलाही विचारा, मोर्चा, शिबिर, कोर्टाची तारीख यांच्याशिवाय आपण शेवटच्या कधी बाहेर पडलो? मला उत्तर द्यायला फार वेळ लागला.

ती तलावावर अजून जाते. नवऱ्यानं विचारलं की आता दवाखान्याचं नाव घेत नाही. सांगते, "बसायला गेले होते."