दुसरी न्हाणी कोणासाठी?

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचे बोलणे झाले, कर्जाचे झाले. आता जो विषय आम्ही घेणार आहोत तो ऐकून मागे बसलेली काही मंडळी हसतील. विषय न्हाणीचा आहे. नवे घर बांधायला काढले, तर त्यात न्हाणी एक ठेवावी की दोन?

हसणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की कोरडवाहू शेतकरी आयुष्यात घर एकदाच बांधतो. 'घर पाहावे बांधून' असे जुनी माणसे उगीच म्हणत नव्हती. बियाणे फसले तर पुढच्या मृगात बदलता येते. न्हाणीची जागा फसली तर भिंत पाडल्याशिवाय बदलत नाही. म्हणून हे बोलणे पाया खोदण्याआधी व्हायला पाहिजे.

आज हा निर्णय कसा होतो ते बघा. मिस्त्री शहरातल्या घराचा नकाशा आणतो. त्यात खोलीला चिकटून न्हाणी, तिच्यातच संडास. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा फोनवर सांगतो, 'आणखी एक काढाच, आम्ही सुट्टीत येतो तेव्हा अडचण होते.' म्हातारे बाबा म्हणतात, 'आमचा जन्म एका मोरीवर गेला, दोन कशाला?' दोघांचे भांडण मिस्त्री मिटवतो, आणि तो खर्च वाढेल असेच मिटवतो. ज्या बाईने त्या न्हाणीत रोज पाणी आणून ओतायचे आहे, तिला कोणी विचारत नाही. सरकारी घरकुल पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर होते. कागदावर नाव दोघांचे, नकाशा मात्र एकट्यालाच दाखवलेला!

आता हिशेब मांडू. आपण सगळ्या गोष्टी क्विंटलात मोजतो, न्हाणीही क्विंटलातच मोजावी. समजा मिस्त्रीने दुसऱ्या न्हाणीचे चाळीस हजार सांगितले. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे पाच क्विंटल कापूस. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये. म्हणजे जवळजवळ अकरा क्विंटल ज्वारी. कोरडवाहूत एकरी तीन-चार क्विंटल कापूस निघाला, तर सव्वा ते पावणेदोन एकराचे अख्खे पीक त्या चार भिंतींत गेले. तेही बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी न काढता, आणि हमीभाव पदरात पडला तर! घरकुलवाल्यांचे गणित याहून तंग. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी केंद्राच्या हिशेबाने १,२०,००० रुपये धरलेले आहेत, संडासाचे १२,००० वेगळे, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे. तेवढ्यात एक न्हाणी नीट बसवली तरी पुष्कळ.

मग दुसरी नकोच का? तसे आम्ही म्हणत नाही. तीन प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली तर बांधा.

पहिला प्रश्न पाण्याचा. लोकांना वाटते, न्हाण्या वाढल्या की पाणी वाढते. तसे नाही. घरात सहा माणसे आहेत. माणशी एक बादली, अठरा लिटर धरा. आंघोळीला रोज १०८ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सात हंडे. न्हाणी एक असो की तीन, माणसे सहाच, हंडे सातच. पाणी वाढवते ती भिंतीवरची फ्लशची टाकी आणि डोक्यावरचा फवारा. जुन्या मोठ्या टाकीची साखळी ओढली की दहा लिटर गेले. जास्त उताराचे भांडे बसवले तर दीड-दोन लिटरच्या लोट्यात काम होते. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, त्यात माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले आहे. सहा माणसांचे ३३० लिटर झाले. एवढे पाणी ज्याच्या नळाला रोज येते, त्याने खुशाल विचार करावा. ज्याच्याकडे नळ आठवड्याने येतो आणि विहीर फाल्गुनात तळ दाखवते, त्याने आधी साठवणीची टाकी बांधावी, मग न्हाणी. टाकी नसेल तर चैत्र-वैशाखात दोन्ही न्हाण्यांचे पाणी एकाच डोक्यावरून येणार आहे, आणि ते डोके कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. नकाशा काढणाऱ्याला आपली जमीन ठाऊक नसते, आपल्याला ती पुरती ठाऊक आहे. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. घराखालीही तीच जमीन आहे. न्हाणीचे पाणी पायाशी मुरत राहिले, की त्या कोपऱ्याची माती बारा महिने फुगलेली आणि बाकीच्या घराखालची उन्हाळ्यात आकसलेली. भिंतीला तिरपी चीर पडते ती इथून. मग सिमेंटला नावे ठेवतो, मिस्त्रीला शिव्या देतो. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्या आणि न्हाणीचे पाणी नळीने घरापासून दहा-बारा फूट लांब काढा. शोषखड्डाही मुरुमापर्यंत खोदा. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर जाड वाळू. नुसत्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, डबके होते आणि डास होतात. जागा असेल तर तेच पाणी परसातल्या केळीला, पपईला सोडा. आणि एक पक्के ध्यानात ठेवा. संडास दोन खड्ड्यांचा असेल, तर न्हाणीचे पाणी त्या खड्ड्यांत कधीच सोडू नका. खड्डे पाण्याने भरतील, मैला कुजणार नाही. पाणी वेगळे ठेवले तर एक खड्डा पाच-सहा माणसांच्या घराला तीनेक वर्षे पुरतो. तो भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा. मग त्यातून निघते ते खत.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. दुसरी न्हाणी कोणासाठी? सुट्टीत चार दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी असेल, तर पाच क्विंटल कापूस घालवू नका. पण घरात बारा महिने राहणारी तीन माणसे अशी आहेत, की ज्यांच्यासाठी हा खर्च चैन नाही.

पहिली, घरची बाई. पऱ्हाटीच्या कुडाआड, दोन लुगड्यांच्या आडोशाला, गाव उठण्याआधी आंघोळ उरकणाऱ्या बायकांच्या पिढ्या आपण पाहिल्या. घर पक्के झाले तरी वेळ बदलली नाही. वेचणीच्या दिवसांत सकाळी न्हाणीत आधी पुरुष, मग शाळेची पोरे. बाईचा नंबर एक तर पहाटे चारला, नाही तर रात्री. याच वाशिम जिल्ह्यातल्या सायखेडा गावच्या एका भगिनीने, स्वच्छ भारत मोहिमेच्या सुरुवातीच्या काळात, मंगळसूत्र विकून घरी संडास बांधला. त्या वेळच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी तिचा सत्कार केला. सत्कार चांगला झाला. पण घरातल्या या गरजेचा पैसा बाईच्या गळ्यातूनच का निघावा, हा प्रश्न सत्काराने सुटत नाही.

दुसरे, घरातले म्हातारे माणूस. गुडघे गेलेल्या माणसाला रात्री अंधारात अंगण ओलांडायला लावणे म्हणजे हाड मोडायला पाठवणे. त्यांच्या झोपण्याच्या जागेपासून न्हाणी-संडास आठ-दहा पावलांवर हवेत, मध्ये उंबरा नको. खाली चकचकीत टाइल नको, खडबडीत शहाबादी फरशी घाला. भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवा. दार बाहेर उघडणारे ठेवा. आत माणूस पडले आणि दार आत उघडणारे असले, तर त्याच्याच अंगाने ते अडते.

तिसरा, फवारणी करून आलेला माणूस. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. हे विष नाकातोंडातून जाते तसे कातडीतूनही जाते. फवारून आलेला माणूस तसाच ओसरीवर टेकतो, लेकराला उचलतो, आणि तेच कपडे घरच्या कपड्यांत भिजत पडतात. त्याने घरात पाऊल टाकण्याआधी साबणाने अंग धुतले पाहिजे, आणि कपडे वेगळे धुतले पाहिजेत. ते पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे जाता कामा नये, परसातल्या भाजीलाही नको.

ही तीन माणसे डोळ्यांपुढे ठेवली की नकाशा आपोआप निघतो. आमचा सल्ला असा. आत जी एक न्हाणी काढाल, तिच्यात संडास कोंबू नका. दोन वेगळी दारे ठेवा. मधली एक भिंत आणि एक दार एवढाच खर्च वाढतो, पण सकाळी एक माणूस आत असले म्हणून दोन कामे अडत नाहीत. निम्म्या घरांची दुसऱ्या न्हाणीची गरज एवढ्यानेच भागेल. त्यानंतरही दुसरी लागली, तर ती खोलीला चिकटून काढू नका, परसदारी काढा. चार भिंती, वर टिनपत्रे, आतून कडी, खाली फरशी, एक खुंटी आणि स्वतंत्र शोषखड्डा. शेतातून आलेले माणूस तिथे धुऊन मगच घरात येईल. वेचणीला आलेल्या मजूर बायांनाही हातपाय धुवायला आडोसा होईल.

मात्र एक बजावून सांगतो. परसातली न्हाणी म्हणजे विटाळाची खोली नव्हे. महिन्याच्या चार दिवसांत बाईला बाहेर काढायला किंवा मजुराला घरापासून वेगळे ठेवायला कोणी ती वापरणार असेल, तर त्याने ती बांधूच नये.

आणि पैसा नसेल तर? सावकाराच्या दारात जाऊ नका. न्हाणीला व्याज देण्याइतका कापूस आपल्याकडे नाही. जागा राखून ठेवा. जोत्याचे काम चालू असतानाच पाण्याची आणि सांडपाण्याची नळी टाकून तोंड बंद करून ठेवा. आज त्याला थोडे पैसे लागतील, पुढे फरशी फोडायचा खर्च वाचेल. ज्या साली कापसाला भाव मिळेल, त्या साली भिंती चढवा.

तेव्हा, मिस्त्री उद्या पायाची फक्की मारायला आला, की घरातल्या बायांना त्या पांढऱ्या रेघांत उभे करा. हंडा कुठून येणार, पाणी कुठे जाणार, रात्री सासूबाई कशा चालणार, हे त्यांना विचारा. रेघा बदलायला सांगितल्या तर बदला. फक्की पायाने पुसता येते, भिंतीला पहार लागते.

एवढे बोलून थांबतो.