तारेवरचा पैसा

गिरणगावातल्या मनिऑर्डरीवर कोकणातल्या कितीतरी चुली पेटत. त्याच धंद्यातल्या एका अमेरिकन कंपनीविषयी आज बोलावयाचे आहे. वेस्टर्न युनियन. यातले ‘युनियन’ मजुरांचे नव्हे, तारमार्गांच्या एकीकरणाचे! कंपनी १८५१ साली रॉचेस्टर येथे निघाली; हे नाव १८५६ चे. १८७१ पासून ती तारेने पैसे पाठवू लागली. नोट जागची हलत नाही, हलतो तो निरोप. इकडे एक कारकून रक्कम घेतो, तिकडे दुसरा मोजून देतो. सारी भिस्त तारवाल्याच्या बोटांवर.

त्या बोटांची किंमत काय झाली? १८८१ साली कंपनी जे गूल्ड या धनिकाच्या हाती गेली. १८८३ च्या जुलैत तारवाल्यांनी संप पुकारला. मागणी आठ तासांच्या दिवसाची, आणि बायकांना पुरुषांइतक्याच पगाराची. १८८३ साली, बरे का! महिनाभरात संप मोडला. परतणाऱ्यांकडून संघटना सोडल्याचे लिहून घेतले. असले कागद आम्हीही पाहिले आहेत.

२००६ साली कंपनीने तार बंद केली, पैसे पाठवणे तेवढे ठेवले. परमुलखात राबून घरी पैसे धाडणारा मजूर हे आज तिचे मोठे गिऱ्हाईक. तिचे कमिशन निघते ते त्याच्या मजुरीतूनच.