शिपाई घरी येतो तेव्हा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘यजमानांविषयी चार शब्द बोला’ अशी तुमची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. भाषणाची सवय नाही. चूकभूल पदरात घ्यावी.

माणगावचा यशवंत घाडगे यांचा पुतळा आपण पाहिलाच असेल. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जो जिवंत परत येतो, त्याच्यापाशी मात्र एक पत्र्याची ट्रंक असते. आमचे हे त्यांतले.

ते सैन्याच्या ई. एम. ई. दलात होते. बिघडलेल्या गाड्या, तोफा, यंत्रे दुरुस्त करणारे हे दल. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर याच दलाचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती बातमी ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवली. स्वतःच्या युद्धाविषयी मात्र कधी अवाक्षर नाही!

१९७८ साली पेन्शन घेऊन हे पालीस आले आणि माझ्या पाटल्या मोडून जुनी लेथ आणली. मी आठ दिवस बोलले नाही, हे आज कबूल करते. पाटीवर ‘जिल्हा कुलाबा’ रंगवले होते. १९८१ मध्ये जिल्हा रायगड झाला, पाटी तशीच राहिली.

काम बहुधा भातगिरण्यांचे. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगने धातू चढवायचा, मग लेथवर फिरवून जास्तीचा उतरवायचा. शेवटचा हात इंचाच्या हजाराव्या भागाचा. तेव्हा हाक मारलेली त्यांना चालत नसे. चहा निवून जाई.

एका माघी जत्रेत रात्री पाळणेवाला धावत आला. पाळण्याची मोठी खीळ तडकली होती. “नुसते वेल्डिंग मारा, दादा, लोक खोळंबलेत.” हे म्हणाले, “त्यात पोरे बसणार. नवी करीन, नाहीतर दुसरीकडे जा.” दुसरीकडे कुठे जाणार? तो शिव्या देत पायरीवर बसला. मी त्याला भाकरी वाढली. वीज दोनदा गेली. खीळ तयार झाली तेव्हा बल्लाळेश्वराची काकडआरती चालली होती. हे स्वतः जाऊन ती बसवून आले, आणि रिकाम्या पाळण्याचे दहा फेरे करवल्याशिवाय त्यांनी कोणाला चढू दिले नाही.

पैसे? “जत्रा उठली की देतो,” म्हणाला.

हे जाऊन चार वर्षे झाली. लेथ भंगारात तोलून न्यायला माणूस आला होता. सुनेने त्याला दारातूनच परत पाठवले. आता शाफ्टचे माप तीच घेते. उधारीची वही माझ्याकडे आहे. पाळणेवाल्याचे नाव पहिल्याच पानावर आहे. तो पुढच्या माघात आलाच नाही.

अध्यक्षबाई घड्याळ पाहताहेत. बसते.